गोड्या पाण्याच्या काठाकाठानं: मुंबईतले पाच दिवस

दिवस पहिला, बुधवार: पवई

कांजूरमार्गला उतरून रिक्षा केली आणि सहाच्या आत पवईच्या बांधावर पोहोचले, तर मामा आधीच येऊन बसलेले. मृग दोन दिवसांवर आला होता. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही, अंगाची नुसती चिकचिक. मामांच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत ती वही.

मामा म्हणजे आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मामा. आता निवृत्त झालेत, तरी सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं. मी शिकवायला लागले तेव्हा बेडकाचं विच्छेदन मुलांच्या आधी मला त्यांनीच समजावून दिलं होतं. २०१७ च्या जूनपासून आम्ही दोघं, आणि येतील ती मुलं, महिन्यातून एकदा मुंबईतल्या गोड्या पाण्याकाठी जाऊन मासे मोजत होतो. जाळं नाही, गळ नाही. काठावर तासभर बसायचं, दिसतील ते मासे लिहायचे, पाण्याचं तापमान घ्यायचं, विरघळलेला प्राणवायू तपासायचा आणि शेरा लिहायचा.

वहीतली शेवटची जुनी नोंद ८ मार्च २०२० ची आहे. त्यापुढची एकवीस पानं कोरी. अगदी कोरी म्हणता येणार नाहीत, कारण मामांनी पट्टी लावून निळ्या शाईनं रकाने आधीच आखून ठेवले होते: तारीख, वेळ, तापमान, प्राणवायू, मासे, शेरा. रकाने आहेत, आत काही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरुवात केली, तीही कधी इथे, कधी तिथे. यंदा मी मामांना म्हटलं, आपण पाच दिवस सलग काढू. सगळ्या जागा फिरू आणि कोविडच्या टाळेबंदीत जे पाण्याजवळ होते त्यांना विचारू, इथे काय झालं. ते रकाने भरणार नाहीत हे मलाही कळतं. पण विचारायचं राहून गेलं होतं, ते मनाला लागून होतं.

पवई तलाव बांधला १८९० च्या सुमारास, शहराला पाणी पाजायला. त्याच्या आधी १८६० मध्ये विहार झाला होता. मुंबईला नळाचं पहिलं पाणी तिथूनच आलं. विहारचं पाणी आपण आजही पितो. पवईचं पिण्यालायक राहिलं नाही, आणि त्याचं कारण काठावर उभं राहिलं की नाकाला कळतं.

बांधाच्या कडेला एक काका गळ टाकून बसले होते. सत्तरीचे असतील. कणकेची गोळी, हळदीनं पिवळी केलेली. मामांनी शेजारी बैठक मारली आणि गप्पा जुळल्या. काकांचं घर जवळच, त्यामुळे टाळेबंदीतही पहाटे ते बांधापर्यंत यायचे. पहिल्या महिन्याबद्दल ते म्हणाले, “गाड्यांचा आवाज बंद झाला ना, तेव्हा मला पहिल्यांदा मासा ऐकू आला. कटला वर येऊन शेपटी मारतो, त्याचा आवाज पार त्या टोकावरून यायचा.”

मग मे उजाडला. साइटवरची कामं बंद, हॉटेलं बंद, रोजंदारी बंद. रात्री पोरं यायला लागली, मच्छरदाण्या शिवून केलेली जाळी घेऊन. त्या जाळ्यातून बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही. “कुणाला काय बोलणार, ताई? पोट होतं. मी एकदोघांना म्हटलं, बारीक सोडा रे. त्यातला एक म्हणाला, काका, बारकं तरी आहे आज.”

हे ऐकून मी लिहायची थांबले. माशांची बाजू घेताना या पोराला कुठे उभं करायचं, मला कळत नाही. २०२० मध्येच जगभरातल्या नदी-तलावांवर काम करणाऱ्या ४०० हून अधिक जाणकारांना महासाथीचा परिणाम विचारला गेला होता. त्यांच्या सांगण्यातही हेच दोन धागे होते. कुठे मासेमारी थांबून पाण्याला उसंत मिळाली, तर कुठे काम सुटलेली माणसं पाण्याकडेच वळली. पवईत दोन्ही घडलं, एकाच काठावर, महिन्याच्या अंतरानं.

आणखी एक गोष्ट काकांनी आठवून सांगितली. त्या वर्षी गणपती लहान होते, सार्वजनिक चार फुटांचे आणि घरचे दोन फुटांचे. लोकांनी विसर्जनही बरंचसं घरी, बादलीत किंवा कृत्रिम हौदात केलं. “दुसऱ्या दिवशी काठावर हात-पाय पडलेले दिसले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.” प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं, आणि तळावरच तर चिलापीसारख्या माशांची घरटी असतात.

निघण्याआधी प्राणवायू तपासला. आमची रीत जुनीच आहे. काचेच्या बाटलीत बुडबुडा न शिरू देता पाणी भरायचं, त्यात मँगनीज सल्फेटचे आणि अल्कलाइन आयोडाइडचे थेंब सोडायचे. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो, नसला तर पांढरा. पवईच्या बाटलीत फिकट तपकिरी धरला, मळकट चहासारखा. जलपर्णीच्या पलीकडे एक मगर ओंडक्यासारखी पडून होती. मामांनी तीही शेऱ्यात लिहिली.

दिवस दुसरा, गुरुवार: मिठी

विहार आणि पवई भरून वाहिले की ते पाणी मिठीत येतं. तिथून साकीनाका, कुर्ला, कालिना, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), धारावी, माहीम. सगळी मिळून अठरा-एक किलोमीटरची नदी. त्यातली किती नदी म्हणून जगते हे बघायला आम्ही साकीनाक्यापासून जमेल तिथे पायी, जमेल तिथे बसनं, खाली आलो.

एप्रिल २०२० मध्ये गंगा निर्मळ झाल्याचे फोटो फिरत होते. मीही ते पुढे पाठवले होते. घरात कोंडलेलं असताना कुठेतरी काहीतरी बरं होतंय, एवढंच हवं होतं. मिठीबद्दलही कुणीतरी तसंच लिहिलं होतं. आज कुर्ल्याच्या पुलावर उभं राहून मला वाटतं, आपण फार चुकीचं समजत होतो. कारखाना बंद झाला की त्याचं सांडपाणी थांबतं, हे खरं. भंगाराची गोदामं, रंगाची आणि कातड्याची कामं थांबली होती. पण मिठीत येणारं मोठं पाणी घरांमधून येतं. माणूस घरात बसला तेव्हा संडास, मोरी, स्वयंपाकघर यांतलं काहीच बंद झालं नाही. उलट दिवसाकाठी वीस वेळा साबणानं हात धुतले, बाजारातून आलेली भाजी धुतली, कपडे रोज उकळले. ते सगळं कुठे गेलं? माणूस घरात बसला म्हणून नदी सुटली नाही, कारण नदीत घरच वाहतं.

पुलाजवळच्या चहावाल्या दादांनी तेव्हा भाजीची गाडी लावली होती, म्हणून ते रोज बाहेर होते. पाण्यात फरक पडला का, विचारलं. त्यांनी जरा विचार केला. “वास तोच. पण वर तरंगायचं ते बदललं. आधी पिशव्या होत्या, मग मास्क आले. निळे, सगळे निळे. आणि ते हातमोजे, फुगून यायचे, माणसाचा हात वर आल्यासारखे.”

हे हातमोजे ऐकले आणि मला हॉलंडमधल्या लायडन गावची गोष्ट आठवली. तिथे ऑगस्ट २०२० मध्ये कालवे साफ करणाऱ्या स्वयंसेवकांना एक रबरी मोजा सापडला. त्याच्या एका बोटात पर्च जातीचा लहानसा मासा अडकून मेला होता. डोकं आत, शेपटी बाहेर. अशा अरुंद जागेत घुसलेल्या माशाला मागे सरता येत नाही, पुढेच रेटावं लागतं. पुढे रबर. महासाथीच्या कचऱ्यात अडकून मेलेल्या माशाची ती पहिली नोंद मानतात. मी मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, “तिथे बघायला माणूस होता म्हणून नोंद झाली.”

बीकेसीच्या बाजूला आलो. इथल्या मैदानावर मे २०२० मध्ये मोठं कोविड केंद्र उभं राहिलं होतं. माझ्या थोरल्या दिरांना तिथेच ठेवलं होतं, ते बरे होऊन घरी आले. तेव्हा रस्ते, जिने, रिक्षा, सगळ्यांवर फवारणी चालायची. फवारणारी मुलं त्या औषधाला ‘हायपो’ म्हणायची. आमच्या प्रयोगशाळेतही हायपो असतो, पण तो वेगळा. आमचा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जो टाकीत घातला की नळाच्या पाण्यातलं क्लोरिन मरतं आणि मासे जगतात. त्यांचा हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, जो क्लोरिनच सोडतो. लिटरमागे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं क्लोरिनही माशाचे कल्ले जाळायला पुरतं. रस्त्यावर मारलेलं औषध पहिल्या सरीबरोबर गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून इथे. फवारलं हे चूक होतं असं मी म्हणणार नाही, तेव्हा सगळेच घाबरलो होतो. ते पाणी शेवटी कुठे जातं हा प्रश्न मात्र कुणी विचारल्याचं आठवत नाही, आणि त्यात मीही आले.

बाटली भरली. थेंब सोडले. साका पांढरा धरला, दुधासारखा पांढरा, आणि हलवून बघितला तरी पांढराच राहिला. मासे आणि जलचर जगायला लिटरमागे निदान चार मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो. इथे मोजण्यासारखंच काही नव्हतं. तरी काठाच्या सावलीत चार चिलाप्या होत्या. तोंड पाण्याच्या अगदी पापुद्र्याला लावून, ओठ उघडमीट करत. पाण्याचा वरचा केसभर थर हवेला लागलेला असतो, तेवढ्यावर त्या श्वास घेतात. मामांनी खाली वाकून बराच वेळ बघितलं आणि रकान्यात चार लिहिले.

दिवस तिसरा, शुक्रवार: कुर्ला

आज मृग लागला. सकाळी दहा मिनिटं पाऊस आला आणि गेला.

कुर्ल्यात शोभेच्या माशांची दुकानं आहेत. प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी आणि वरून प्राणवायू भरून, रबर लावून टांगलेल्या. आमच्या प्रयोगशाळेसाठी मामा जिथून मासे आणायचे, त्या दुकानदाराकडे गेलो. त्याचा बहुतेक माल कोलकाता आणि चेन्नईहून विमानानं येतो. २५ मार्च ते २५ मे २०२० देशातली प्रवासी विमानं बंद होती. माल यायचा तो थांबला. पण दुकानात होता त्याचं काय? त्याला पहिले नऊ दिवस दुकानापर्यंत पोहोचता आलं नाही. पोचला तेव्हा त्या मजल्याची वीज गेलेली, पंप बंद. “वास जिन्यातच आला, मॅडम. मी शटर अर्धं उघडलं आणि परत लावलं.”

मामा मान खाली घालून ऐकत होते, आणि का ते मला माहीत होतं. आमच्या प्रयोगशाळेतही एक टाकी होती. मार्चमध्ये पुतणीच्या लग्नासाठी मामा महाडकडे गावाला गेले. जाताना खाणं घालून गेले, चार दिवसांत येतो म्हणाले. मी तेव्हा पंपासाठी कॉलेजात फोन केला होता, एकदा. मग आईला ताप आला आणि मी विसरले. ऑगस्टमध्ये कुलूप उघडलं तेव्हा टाकीत तळाशी वीतभर हिरवं पाणी होतं, बाकी काही नाही. मामांनी ती टाकी स्वतः घासली आणि ती आजही उपडी ठेवलेली आहे. त्यांना त्याची भरपाई कधीच करता येणार नाही असं ते म्हणतात. मी म्हणते, चूक माझी होती. हे आमचं चारेक वर्षं चाललंय.

दुकानदारानं दुसऱ्या लाटेचंही सांगितलं. माशांच्या पिशव्या भरायला प्राणवायूची नळकांडी लागतात. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्रानं मोजके अपवाद सोडून उद्योगांना प्राणवायू द्यायचं थांबवलं, सगळा रुग्णालयांकडे वळवला. त्याच्याकडे दोन नळकांडी उरली होती. खालच्या मजल्यावरच्या आजोबांसाठी त्यांच्या मुलानं रात्री दार वाजवलं. त्यानं दोन्ही दिली. “आजोबा गेले. पण नळकांडी मी आनंदानं दिली, मॅडम.” एवढं बोलून तो गिऱ्हाइकाकडे वळला.

नंतर धंदा मात्र उसळला. घरी बसलेल्या मुलांसाठी लोकांनी टाक्या घेतल्या. शाळा सुरू झाल्या, ऑफिसं सुरू झाली, तसे फोन येऊ लागले, मासे परत घ्याल का? तो घेत नाही. मग ते कुठे जातात, हे त्यानं सांगायची गरज नव्हती. पवईच्या काकांनी परवाच, खडबडीत कातडीचा आणि तोंड खाली असलेला ‘सकर’ गळाला लागतो म्हणून सांगितलं होतं. तो दक्षिण अमेरिकेतला मासा. टाकीची काच साफ करतो म्हणून घेतात, आणि हातभर वाढला की तलावात सोडतात, पुण्य समजून. तो काठाच्या मातीत बीळ खणतो आणि दुसऱ्यांची अंडी खातो. आफ्रिकेतून आलेल्या मांगूरवर तर आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे, तरी तो संपलेला नाही. बाहेरचा मासा एकदा पाण्यात सुटला की परत गोळा करता येत नाही. घरातल्या टाकीचा माशांच्या संवर्धनाशी काय संबंध, असं मला कुणी विचारलं की मी हेच सांगते.

दिवस चौथा, शनिवार: जोगेश्वरी

आज फार चाललो नाही. मामांचा गुडघा धरला होता.

जोगेश्वरी पश्चिमेला अंध व्यक्तींसाठीच्या एका संस्थेच्या आवारात चाळीसेक फूट खोल विहीर आहे. तिथे २०१९ मध्ये वामेसारखा लांब, लालसर, खवले नसलेला आणि डोळे नसलेला मासा सापडला. जमिनीखालच्या पाण्यात राहणारा. तो विज्ञानाला नवा निघाला, आणि २०२१ मध्ये, महासाथीच्या मध्यावर, त्याचं नाव जाहीर झालं: रक्तामिक्थिस मुंबा. मुंबाआईच्या नावानं. विहीर आम्ही आत जाऊन पाहिली नाही, तशी परवानगी मागितलीच नव्हती. फाटकाजवळ पाच मिनिटं थांबलो. या गर्दीच्या खाली, इमारतींच्या पायांच्याही खाली, पाणी आहे आणि त्यात एक मासा अंधारात पोहतो. सगळं शहर कड्या लावून बसलं होतं तेव्हाही तो तसाच पोहत असेल. त्याला कशाचा त्रास होईल? विहिरीत औषध ओतल्याचा, विहीर बुजवल्याचा, बोअरवेलनं पाणी उपसल्याचा. मुंबईत किती विहिरी बुजल्या, आणि त्यांत आणखी काय होतं?

त्याच काळात आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळाजवळ, आणखी एक नवा मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२० मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्याची जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. तेजस ठाकरे आणि त्यांचे सहकारी या दोन्ही शोधांमध्ये होते. दुसऱ्या लाटेच्या तोंडावर एका बोटभर माशासाठी सरकारी आदेश निघतो, याचं मला तेव्हाही अप्रूप वाटलं होतं.

दुपारी लोकलनं चर्चगेटकडे निघालो. मामांना समुद्र बघायचा होता. गाडीत मी त्यांना दुसरी बाजू सांगितली. २०२० या एका वर्षात गोड्या पाण्यातल्या माशांच्या १६ जाती नामशेष म्हणून जाहीर झाल्या. त्यांतल्या बहुतेक फिलिपिन्समधल्या एकाच तळ्यातल्या. त्या मेल्या होत्या आधीच, त्यांची नावं त्या वर्षी लिहिली गेली. स्थलांतर करणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांची संख्या १९७० पासून २०१६ पर्यंत सरासरी ७६ टक्क्यांनी घटली, हा अहवालही त्याच जुलैत आला. आणि चीनमधला पॅडलफिश, तलवारीसारख्या लांब नाकाचा. तो संपल्याचा निष्कर्ष २०२० च्या अगदी सुरुवातीला सगळीकडे पोचला. तो राहायचा यांगत्से नदीत, आणि वूहान शहर याच नदीच्या काठावर आहे. त्याच महिन्यात सगळं जग वूहानचं नाव शिकत होतं. यांगत्सेत मासेमारी दहा वर्षं बंद करायचं काम २०२० च्या १ जानेवारीलाच सुरू झालं होतं. पॅडलफिश मात्र २००३ नंतर कुणाला दिसलेला नाही.

मग जे होणार होतं ते पुढे गेलं. माशांच्या स्थलांतराचा जागतिक दिवस १६ मे २०२० ला होता, तो २४ ऑक्टोबरवर गेला. मार्सेला जूनमध्ये भरायची निसर्गरक्षणाची मोठी परिषद सप्टेंबर २०२१ मध्ये भरली. जैवविविधतेची कुनमिंगची परिषद ऑक्टोबर २०२० ची, ती पुरी झाली डिसेंबर २०२२ मध्ये, तीही माँट्रियलला. माणसं तारीख पुढे ढकलू शकतात. मृगाची सर मात्र मृगातच येते.

तारापोरवाला मत्स्यालय बंदच होतं. मामा १९७८ मध्ये मुंबईत आले तेव्हा पहिल्या पगारातून भावाला घेऊन इथे आले होते. भिंतीला हात लावून परत फिरले.

दिवस पाचवा, रविवार: राष्ट्रीय उद्यान, दहिसर नदी

रात्री दोनपासून पाऊस. खरा पाऊस. बोरिवलीला उतरलो तेव्हा स्टेशनबाहेर पाणी साचलेलं आणि मामांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू. गुडघ्याचं नावही नाही.

दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते आणि बारा-एक किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. उद्यानातून बाहेर पडली की तिचं तेच होतं जे मिठीचं होतं. पण आत, दगडांमधून येताना, ती अजून नदी आहे. आम्ही नेहमीच्या दगडावर बसलो, छत्र्या लावून. बाटली भरली, थेंब सोडले. साका गर्द तपकिरी, जवळपास काळसर. मामांनी बाटली उजेडाकडे धरली आणि मला दाखवली. मी ती परत त्यांच्याकडेच दिली, कारण त्यांना ती अजून धरायची होती.

मग पाऊस ऐकता ऐकता त्यांनी गावचं सांगितलं. पाच दिवसांत मी विचारलं नव्हतं. ते सांगतील तेव्हा सांगतील, हे मला ठाऊक होतं.

त्यांच्या गावच्या नदीला एक कोंड आहे. एप्रिल-मेमध्ये नदी आटते, नुसते दगड उरतात, आणि सगळी मासळी त्या कोंडीत गोळा होते. पोटात गाभोळी धरलेल्या माद्या, नर, सगळं बियाणं. पाऊस पडून नदी जोडली जाईपर्यंत तेवढंच घर. “ती कोंड म्हणजे नदीची तिजोरी हो, मॅडम. वर्षभराचं त्यात असतं.” २०२० च्या मे महिन्यात मुंबई-पुण्याहून माणसं परतली. कुणी ट्रकनं, कुणी चालत. चौदा दिवस शाळेत ठेवलेली, मग मोकळी. काम नाही, पैसा नाही, मासळीबाजार बंद. आणि गाव निर्जंतुक करायला आलेली ब्लीचिंग पावडर पोत्यांनी पडून.

एका संध्याकाळी सहा-सात जणांनी ती कोंडीत ओतली.

“मी काठावर होतो. आधी झिंगे बाहेर आले, दगडांवर चढले. मग मळे मासे वर आले, तोंड उघडून. मग मोठे. खडशी होती एक, एवढी,” त्यांनी कोपरापासून हात दाखवला, “ती आडवी झाली, आणि तिच्या पोटातनं अंडी आपोआप सुटायला लागली. पाण्यात पिवळं पिवळं. मी ओरडलो का? नाही ओरडलो. माझा पुतण्याच होता त्यात.”

पाण्यात विष घालून मासे मारायला आपल्याकडे १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे. त्या मे महिन्यात तिथे कायदा सांगायला कोण येणार होतं? वनखातं, मत्स्यखातं, अभ्यासक, आमच्यासारखे वहीवाले, सगळे आपापल्या घरात होते. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून लोक माशांना हात लावत नाहीत, चुरमुरे घालतात. मामांच्या कोंडीला देवी नव्हती.

जूनमध्ये पाऊस आला. वलगण. पहिल्या लोंढ्याबरोबर मासळी पाण्याच्या उलट दिशेनं शेतांत, पऱ्ह्यात, ओहोळात चढते, अंडी घालायला. मामांचे वडील वलगणीला जायचे, पण गाभोळीची मासळी हाताला लागली की सोडून द्यायचे. त्या वर्षी मामा तीन रात्री कंदील घेऊन पऱ्ह्याच्या तोंडाशी बसले. काही चढलं नाही.

आता? मी विचारलं. ते म्हणाले, मागच्या वर्षी मळे दिसले. वरच्या अंगाच्या एका लहान डोहातून उतरले असावेत, तिथे कुणी गेलं नव्हतं. खडशी नाही. खडशीला हाडापेरानं वाढायला वर्षं लागतात.

या नावांची एक गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगते. १८३९ मध्ये साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, आणि शास्त्रीय नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावं घेतली. म्हणून खडशी जगाच्या यादीत ‘खुद्री’ आहे आणि मळ्या ‘मुल्या’. त्या खुद्रीला लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून वाढवून ठिकठिकाणी सोडलं जातं, आणि ती आता ‘धोक्यात’ या वर्गातून बाहेर आल्याची बातमी आली तीही नोव्हेंबर २०२० मध्येच. जगाच्या यादीत ती सावरली. मामांच्या नदीत ती संपली होती. दोन्ही एकाच वर्षी, आणि दोन्ही खरं. मामांना मी ती बातमी तेव्हा फोनवर वाचून दाखवली होती. ते नुसतं “बरं झालं” म्हणाले होते. का, ते मला आज कळलं.

तीनच्या सुमारास पाणी बदललं. वर कुठेतरी जोराचा झाला असणार. काचेसारखं होतं ते चहाच्या रंगाचं झालं, पानं-काटक्या यायला लागल्या, आणि आमच्या समोरच्या दगडी पायरीवरून, वीतभरच उंचीची असेल ती, पाण्याची जाड पट्टी कोसळायला लागली. मामांनी माझा दंड धरला.

पायरीच्या खाली फेसात काहीतरी चमकलं. मग पुन्हा. करंगळीएवढे मासे, अंगावर निळसर पट्टे. एकेक करून धावत यायचे, पाण्याच्या पट्टीत घुसायचे, अर्ध्यावर थरथरत थांबायचे. काही खाली फेकले जायचे. काही कडेच्या ओल्या दगडाला चिकटून, पोटानं सरकत, वर जायचे. ते मळे होते, तोंडाखालच्या चकतीनं दगड धरणारे. त्यांना मामांनी माझ्या आधी ओळखलं.

मी छत्री मिटून खाली ठेवली आणि वही पदराखाली घेतली. मामा कोऱ्या पानांच्या पुढचं पान काढून देत होते. मी तारीख घातली, वेळ घातली.

“मोजू?” ते म्हणाले.

“मोजा. वर गेलेलेच धरायचे.”

त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. शाळेतल्या पाढ्यांच्या सुरात, पावसाच्या आवाजावर आवाज चढवून. मी काड्या मारत होते. चौदा. पंधरा. सोळा वर गेला तो पट्ट्याचा होता, सतरा मळ्या. अठरावा पायरीच्या काठापर्यंत पोचून खाली पडला, म्हणून त्याची काडी मारली नाही. तो फेसात नाहीसा झाला, आम्ही दोघंही पुढे वाकलो. मग तो कडेच्या दगडाशी पुन्हा दिसला.

“अठरा,” मामा म्हणाले, आणि मोजत राहिले.